नेट चालते, पण प्रिंटर दिसत नाही: घरातील केबल आणि वाय-फाय यांची फारकत

मोबाइलवर वाय-फाय सुरू आहे, चित्रफिती अडखळत नाहीत, दिवाणखान्यातील टीव्हीही नेटवर चालतो. तरीही राउटरला केबलने जोडलेल्या प्रिंटरला मोबाइलवरून कागद छापण्यास सांगितले, तर ‘प्रिंटर सापडला नाही’ असे उत्तर येते. कधी संगणकातील फाइल लॅपटॉपवर उघडत नाही, तर कधी सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरवरील चित्र घरातच बसून मोबाइलवर दिसत नाही. मग पुरवठादार कंपनीकडे तक्रार नोंदविली जाते. तंत्रज्ञ येतो, नेटचा वेग मोजून दाखवितो आणि ‘लाइन ठीक आहे’ असे सांगून निघून जातो. त्याचे म्हणणे बहुधा खरेच असते. बिघाड लाइनमध्ये नसून उंबरठ्याच्या आत असतो.

२०२० च्या टाळेबंदीत राज्यातील दुर्गम गावांच्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन वर्गासाठी सिग्नल शोधत डोंगर चढावे लागले होते. त्यानंतर फायबरची केबल अनेक घरांपर्यंत पोहोचली आणि अडचणीची जागा बदलली. आता नेट दारापर्यंत येते, मात्र घरातील उपकरणे एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. ‘गोवा ऑनलाइन’वर भरलेल्या अर्जाची प्रत काढणे, घरून नोकरी करणे, किनाऱ्यावरील होमस्टेवर लक्ष ठेवणे अशी रोजची कामे त्यामुळे अडतात. त्याची कारणे मोजकीच आहेत आणि योग्य क्रमाने तपासल्यास बहुतेक दोष घरच्या माणसांनाच दूर करता येतात.

इंटरनेट वेगळे, घरचे नेटवर्क वेगळे

इंटरनेट सुरू असणे आणि घरातील उपकरणांचा एकमेकांशी संपर्क असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाहेरची लाइन तुटली तरी घरातील लॅपटॉपवरून घरातल्या प्रिंटरवर छपाई होऊ शकते. उलटपक्षी, लाइन उत्तम असतानाही हे दोघे एकमेकांना अनोळखी राहू शकतात.

केबलवर चालणारे ‘ईथरनेट’ हे तंत्र १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आकाराला आले. वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही दोन्ही तंत्रे एकाच नेटवर्कमध्ये सहज नांदावीत, अशा रीतीने वाय-फायची आखणी झाली आहे. घरातील एका राउटरला चार उपकरणे केबलने आणि दहा उपकरणे वाय-फायने जोडली, तरी ती चौदाही एकाच नेटवर्कचे घटक ठरतात. म्हणून केबल आणि वाय-फाय यांच्यात फारकत दिसली, की मध्ये काहीतरी ठोस अडथळा आहे असे समजावे आणि तो शोधावा.

चिऱ्याची भिंत आणि दुसरा राउटर

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत या अडथळ्याचा उगम अनेकदा घराच्या बांधणीत सापडतो. जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या किंवा मातीच्या असून त्या दीड-दोन फूट जाडीच्याही असतात. चिरा म्हणजे जांभा दगड. त्यात लोहाचे प्रमाण मोठे असते, तो सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात ओलसर भिंत ओलांडताना वाय-फायच्या लहरी क्षीण होतात. वसरीत बसविलेल्या राउटरचा सिग्नल माजघर ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही, तो यामुळे.

वाय-फाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून तुलनेने दूर जातो, पण त्याचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला, तरी जाड भिंतीपुढे लवकर थकतो. भारतात पहिला पट्टा २००५ मध्ये परवान्याविना वापरासाठी खुला झाला, तर दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. अनेक स्वस्त प्रिंटर आणि कॅमेरे अजूनही केवळ २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरवर हा पट्टा बंद केलेला असेल, तर ती उपकरणे जोडलीच जात नाहीत.

सिग्नल पोहोचत नाही म्हटल्यावर बाजारातून दुसरा राउटर आणला जातो. पहिल्यापासून केबल ओढून तो मागच्या खोलीत बसवितात. वाय-फायच्या रेषा पूर्ण भरतात, नेट वेगाने चालते आणि सारे समाधानी होतात. प्रिंटर दिसेनासा होतो, तो नेमका याच दिवसापासून. म्हणूनच तपासणीचा पहिला प्रश्न असा असावा: घरात राउटरचे काम करणारी पेटी एक आहे की दोन? फायबर ज्या पेटीत शिरते, तिला ओएनटी म्हणतात. कंपनीने बसविलेली ही पेटी बहुधा स्वतःच राउटरचेही काम करते. त्यामुळे ‘आमच्याकडे राउटर एकच आहे’ असे वाटत असूनही प्रत्यक्षात ते दोन असू शकतात.

पत्ता पाहावा

नेटवर्कमधील प्रत्येक उपकरणाला आकड्यांचा एक पत्ता मिळतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. हा पत्ता वाटण्याचे काम राउटर करतो. मोबाइलवर वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या नेटवर्कचे नाव उघडले, की हा पत्ता दिसतो. विंडोज संगणकावर तो ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या विभागात मिळतो. प्रिंटरच्या पडद्यावर तो दिसतो किंवा प्रिंटरकडून नेटवर्कच्या माहितीचे पान छापून घेता येते. दोन्ही उपकरणांचे पत्ते कागदावर शेजारी-शेजारी लिहावेत.

पहिली शक्यता अशी, की मोबाइलचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.२० आहे. पहिले तीन गट सारखे असल्याने दोघेही बहुधा एकाच नेटवर्कमध्ये आहेत. अडथळा अन्यत्र शोधावा.

दुसरी शक्यता अशी, की एकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.२० आहे. तिसरा गट निराळा असेल, तर साधारणपणे घरात दोन स्वतंत्र नेटवर्क निर्माण झाली आहेत असे समजावे. क्वचित दोन्ही राउटर एकाच मालिकेतील पत्ते वाटतात. तेव्हा ही खूण फसवी ठरते आणि कधी नेटही बंद पडते. दुसऱ्या राउटरला येणारी केबल त्याच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या, खाचेत असेल आणि त्याची मूळ सेटिंग्ज बदललेली नसतील, तर नेटवर्क दोन आहेत असे धरून चालावे.

तिसरी शक्यता अशी, की पत्त्याची सुरुवात १६९.२५४ ने होते. हा पत्ता राउटरने दिलेला नसतो. कोणीच पत्ता न दिल्याने उपकरणाने तो स्वतःच घेतलेला असतो. अशा वेळी केबल, तिची खाच किंवा राउटरची पत्ते वाटण्याची सोय तपासावी.

दोन नेटवर्क जोडावी कशी

दुसरा राउटर आपल्या मागच्या उपकरणांसाठी एकमार्गी दारासारखा वागतो. आतून बाहेर जाता येते, बाहेरून कोणी आपणहून आत येऊ शकत नाही. पुढच्या पेटीला जोडलेल्या संगणकाला मागच्या खोलीतील लॅपटॉप सापडत नाही, तो यामुळेच. उलट दिशेने वाट मोकळी असली, तरी प्रिंटर स्वतःची ओळख सांगणारी जी हाक देतो, ती राउटर ओलांडून जात नाही. म्हणून मोबाइलच्या यादीत प्रिंटरचे नाव येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरकडून राउटरचे काम काढून घेणे आणि त्याला केवळ वाय-फाय पसरविण्यापुरते ठेवणे. अनेक राउटरच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असतो. तो निवडून राउटर पुन्हा सुरू केला, की काम होते.

हा पर्याय नसल्यास तीन पायऱ्या कराव्या लागतात. दुसऱ्या राउटरची पहिल्याशी असलेली केबल काढावी आणि संगणक केबलने त्याला जोडून सेटिंग्जचे पान उघडावे. प्रथम त्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून तो पहिल्याच्या मालिकेतील, पण अन्य कोणाकडे नसलेला ठेवावा. उदाहरणार्थ, पहिला राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि १९२.१६८.१.२ हा पत्ता तो इतरांना वाटत नसेल, तर दुसऱ्याला तो द्यावा. त्यानंतर दुसऱ्या राउटरवरील पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे ‘डीएचसीपी’, बंद करावी. शेवटी पहिल्या राउटरकडून येणारी केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ लिहिलेल्या साध्या खाचेत लावावी. सारी उपकरणे एकदा बंद करून सुरू केली, की सर्वांना पत्ता एकाच ठिकाणाहून मिळू लागतो.

एकमेकांशी जोडलेल्या अनेक पेट्यांचा ‘मेश’ संच घेतला असेल, तर त्यालाही हाच नियम लागू पडतो. कंपनीची पेटी राउटरचे काम करीत असेल, तर मेश संच ‘ब्रिज’ किंवा ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीवर ठेवावा.

नेटवर्क एकच, तरीही दर्शन नाही

पत्ते जुळत असूनही उपकरणे भेटत नसतील, तर पुढील कारणे क्रमाने पाहावीत.

पाहुण्यांचे नेटवर्क: अनेक राउटरवर ‘गेस्ट’ नावाचे वेगळे वाय-फाय असते. त्यावरील उपकरणांना इंटरनेट मिळते, पण घरातील इतर उपकरणांपासून त्यांना हेतुपुरस्सर दूर ठेवले जाते. चवथीला मूळ घरी आलेल्या भावंडांना दिलेला पासवर्ड पुढे स्वतःच्याच मोबाइलमध्ये कायम राहिल्याचे अशा वेळी लक्षात येते.

विलगीकरण: ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ ही सोय सुरू असल्यास वाय-फायवरील उपकरणे एकमेकांशी बोलू शकत नाहीत. काही राउटरवर ती केबलवरील उपकरणांनाही वेगळे करते. मुख्य वाय-फायवर ती बंद असावी.

विंडोजची सावधगिरी: नवे नेटवर्क जोडताना विंडोज ते ‘पब्लिक’ मानते आणि संगणक इतरांपासून लपविते. स्वतःच्या घरातील नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून निवडावे. तसे न करता फायरवॉलच बंद करणे हे कुलूप नीट लागत नाही म्हणून दार काढून ठेवण्यासारखे आहे.

मोबाइलची परवानगी: आयफोनवर २०२० पासून प्रत्येक ॲपला घरच्या नेटवर्कवरील उपकरणे शोधण्यासाठी ‘लोकल नेटवर्क’ ही परवानगी लागते. पहिल्याच वेळी ती नाकारली गेली, तर ॲपला प्रिंटर किंवा कॅमेरा सापडत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ती पुन्हा देता येते.

व्हीपीएन: कार्यालयाच्या लॅपटॉपवरील व्हीपीएन सुरू असताना सारी वाहतूक कार्यालयाकडे वळू शकते आणि घरातील प्रिंटर अदृश्य होतो. व्हीपीएन थांबवून पाहावे. कार्यालयाचा नियम आड येत असेल, तर प्रिंटर त्या लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडावा.

बदललेला पत्ता: वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि प्रिंटरला नवा पत्ता मिळाला, तर संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहतो. ‘काल छापत होता, आज छापत नाही’ या तक्रारीचे हे नेहमीचे मूळ आहे. राउटरमध्ये प्रिंटर आणि रेकॉर्डर यांच्यासाठी कायमचा पत्ता राखून ठेवावा. या सोयीला ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ म्हणतात.

दोन उपकरणांत संपर्क आहे की नाही, हे ‘पिंग’ या आज्ञेने पाहता येते. संगणकावरून प्रिंटरच्या पत्त्याला पिंग केले आणि उत्तर आले, तर वाट मोकळी आहे. दोष प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधावा. उत्तर न येणे हा मात्र अंतिम पुरावा नव्हे, कारण फायरवॉल पिंगला मुद्दाम गप्प ठेवू शकते.

केबलचे दुखणे

केबल लावल्यावर खाचेजवळचा दिवा लागला नाही, तर आधी केबल बदलून पाहावी. दिवा लागतो पण वेग फार कमी मिळतो, अशी स्थिती असेल तर केबलमधील तारा पाहाव्यात. तिच्यात आठ तारा असतात. १०० एमबीपीएस वेगाला त्यांपैकी चार पुरतात, तर एक गिगाबिटसाठी आठही लागतात. एखादी तार तुटली, गंजली किंवा उंदराने कुरतडली, तर जोडणी बंद न पडता गुपचूप १०० वर उतरते. हरमल, मांद्रे, मोरजी यांसारख्या किनारी गावांत खाऱ्या हवेने केबलच्या टोकांना गंज चढतो. ही टोके ठरावीक काळाने बदलणे हिताचे असते. साधी ‘कॅट ५ ई’ केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग देऊ शकते, त्यामुळे घरासाठी ती पुरेशी आहे.

आणखी एक चूक सहज होते. साफसफाईनंतर मोकळे दिसणारे केबलचे टोक त्याच स्विचच्या दुसऱ्या खाचेत लावले जाते. केबलची दोन्ही टोके एकाच स्विचला लागली, की संदेश गोल-गोल फिरत राहतात आणि संपूर्ण घराचे नेटवर्क ठप्प होऊ शकते. वरचे टोक काढताच सारे सुरळीत होते.

पावसाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस विजांचा कडकडाट होतो, तेव्हाही केबलची काळजी घ्यावी लागते. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, पण तांब्याच्या केबलमधून आणि ॲडॉप्टरमधून ती उपकरणांपर्यंत पोहोचू शकते. वादळाची चाहूल लागताच ॲडॉप्टर सॉकेटमधून काढून ठेवावेत. मूळ घर आणि अंगणापलीकडची खोली यांच्यात उघड्यावरून तांब्याची केबल न ओढता फायबर टाकणे अधिक सुरक्षित असते. फायबर तीव्र कोनात वाकवू नये आणि तिच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये.

होमस्टेमध्ये फारकत हवीच

वर सांगितलेले विलगीकरण काही ठिकाणी दोष नसून गरज असते. पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीवर घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे आहेत. तेथे पाहुण्यांचे मोबाइल, मालकाचा संगणक आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर एकाच वाय-फायवर असतील, तर आज आलेल्या अनोळखी माणसाला रेकॉर्डरपर्यंत पोहोचण्याची वाट खुली राहते. रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नसेल, तर धोका अधिक वाढतो.

अशा घरात पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ वाय-फाय सुरू करावे आणि पासवर्ड नियमित बदलावा. प्रिंटर, रेकॉर्डर आणि मालकाचे मोबाइल मुख्य नेटवर्कवर ठेवावेत. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून वापरल्यास त्यावरील ‘गेस्ट’ची सोय काही उपकरणांत पूर्वीसारखी वेगळेपणा राखत नाही. म्हणून बदल केल्यावर गेस्ट वाय-फायवरून रेकॉर्डरचा पत्ता उघडतो का, हे स्वतः तपासावे. उघडला नाही, तरच मांडणी योग्य समजावी.

परदेशी असलेल्या मुलांना गावच्या घराचे कॅमेरे पाहायचे असतात. हा प्रश्न घरच्या नेटवर्कपुरता राहत नाही. अनेक पुरवठादार बऱ्याच ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. राउटरच्या बाहेरील बाजूचा पत्ता १०० ने सुरू होत असून दुसरा गट ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर ही त्याची खूण होय. अशा वेळी राउटरवर ‘पोर्ट’ उघडून उपयोग होत नाही. रेकॉर्डरच्या कंपनीचे अधिकृत ॲप वापरावे आणि पासवर्ड भक्कम ठेवावा.

तपासणीचा क्रम

१. बिघाड इंटरनेटचा आहे की घरातील संपर्काचा, हे ठरवावे. मोबाइल डेटा बंद करून वाय-फायवर एखादे संकेतस्थळ उघडावे. ते उघडले, तर लाइन ठीक आहे.

२. पहिला राउटर, मग दुसरा आणि शेवटी उपकरणे या क्रमाने सारे बंद करून पुन्हा सुरू करावे.

३. दोन्ही उपकरणांचे पत्ते लिहून ताडून पाहावेत.

४. पत्ते निराळे असल्यास दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ करावा.

५. पत्ते जुळत असल्यास गेस्ट नेटवर्क, विलगीकरण, ‘पब्लिक’ निवड, मोबाइलची परवानगी आणि व्हीपीएन तपासावे.

६. मोबाइल राउटरजवळ नेऊन पाहावा. जवळ काम होत असेल आणि दूर होत नसेल, तर दोष भिंतीचा आहे.

७. सर्व सुरळीत झाल्यावर प्रिंटर आणि रेकॉर्डरचे पत्ते कायमचे राखून ठेवावेत.

या साऱ्यात एक पथ्य पाळावे. राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्रात टाचणी घालून तो ‘रीसेट’ करू नये. पुन्हा सुरू करणे वेगळे आणि रीसेट करणे वेगळे. रीसेटने कंपनीने भरलेली सेटिंग्ज पुसली जाऊ शकतात आणि चालू असलेले नेटही तंत्रज्ञ येईपर्यंत बंद पडते. कोणताही बदल करण्यापूर्वी सेटिंग्जच्या पानाचे मोबाइलने छायाचित्र काढून ठेवावे.

कंपनीकडे तक्रार करावी लागलीच, तर ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता दोन वाक्ये अधिक सांगावीत: वाय-फायवर आणि केबलवर नेट चालते की नाही, आणि कंपनीच्या पेटीमागे स्वतःचा राउटर आहे की नाही. या माहितीमुळे तंत्रज्ञाला दोष कोठे शोधायचा हे आधीच कळते आणि लाइन मोजण्यासाठी होणारी एक फेरी वाचू शकते.